रायझन २६०० आणि १०५० टीआय : ३० हजारांत आधी काय बदलावं?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. पीसी २०१८-१९ च्या सुमाराचा आहे. सगळा नवा घेणं बजेटमध्ये बसत नाही, ३० हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. आत जे आहे ते असं :

रायझन ५ २६००, सोबत आलेलाच कूलर. बी४५० मदरबोर्ड, चार रॅम स्लॉटचा. डीडीआर४ २६६६ ची ८ जीबीची एकच स्टिक. जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी. २४० जीबी साटा एसएसडीवर विंडोज, गेम सगळे १ टीबी हार्ड डिस्कवर. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ४५० वॉट, पाच वर्षांहून जुना. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ.

रोज व्हॅलोरंट, आणि सवडीने सायबरपंक २०७७ सारखे मोठे गेम. अडखळतं दोन्हीकडे. एका दुकानात सांगितलं कार्ड बदला, दुसऱ्या दुकानात सांगितलं प्रोसेसरच जुना झाला, विंडोज ११ पण चालणार नाही. नेमकं आधी काय घेऊ?

टीपकागद

विंडोज ११ चं आधी निकाली काढू. रायझन २६०० मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे. यादीबाहेर राहिली ती पहिली पिढी, म्हणजे १६०० वगैरे. तुमच्या बोर्डाच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी, आणि सिक्युअर बूट सुरू करा. त्या कारणासाठी प्रोसेसर बदलू नका.

आता मुद्दा. काय घ्यायचं हे विचारण्याआधी मोजून या. आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारा रिवाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर टाका. स्क्रीनवर एवढं दिसू द्या : जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड वेगवेगळा, रॅम, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) आणि १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा एफपीएस, झटके यात दिसतात). दोन्ही गेम पंधरा-पंधरा मिनिटं खेळा आणि खेळताना बघा, मेनूमध्ये नाही.

प्रोसेसरचा एकूण टक्का बघून निष्कर्ष काढू नका. २६०० ला १२ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो ८ टक्क्यांच्या आसपासच भर घालतो. त्यामुळे "सीपीयू ४० टक्केच आहे, म्हणजे तो मोकळा आहे" हे गणित चुकतं.

नंतर दुसरी चाचणी. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस चांगले वाढले तर कार्ड अडवत होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर किंवा रॅम.

आणखी एक, हे फुकट आहे : मॉनिटर खरंच १४४ वर चालतोय का ते डिस्प्ले सेटिंगमध्ये बघा. बऱ्याच जणांचा ६० वरच राहिलेला असतो.

घाटमाथा

मोजलं. मॉनिटर १४४ वर आहे.

सायबरपंक, १०८०पी, सगळं लो : जीपीयू ९८-९९ टक्के, कार्डाची मेमरी ३.८ जीबी, रॅम ७.६ जीबी, एफपीएस २८ ते ३२, १ टक्का लो ९. ७२०पी वर एफपीएस ४५ च्या आसपास गेले, पण झटके तसेच.

व्हॅलोरंट, लो : जीपीयू ५५ ते ६५ टक्के, एफपीएस ११० ते १५०, १ टक्का लो ५८. एक थ्रेड सतत ९० च्या वर. ७२०पी केलं तरी एफपीएस तेवढेच.

निळीशाई

आकडे स्वच्छ आहेत, त्यामुळे उत्तरही देता येतं. हे दोन वेगळे आजार आहेत. दोन्ही दुकानदार आपापल्या परीने अर्धे बरोबर होते.

सायबरपंकमध्ये कार्ड पूर्ण दमलंय. पण ९ चा १ टक्का लो नुसत्या कमकुवत कार्डामुळे येत नाही. कार्डाची ४ जीबी भरली की टेक्श्चर सिस्टिमच्या रॅममध्ये सांडतात, तिथे तुमची ८ जीबी आधीच भरलेली, मग विंडोज पेजफाइलवर (रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेवर) जातं आणि गेमही हार्ड डिस्कवरून वाचतोय. एकामागे एक तीन रांगा लागतात. २०२३ पासून या गेमची किमान अट १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ६ जीबी किंवा आरएक्स ५८० ८ जीबी, आणि एसएसडी अशी आहे. तुमच्याकडे तिन्हीत कमी आहे.

व्हॅलोरंटमध्ये कार्ड रिकामं बसलंय. इथे मी प्रोसेसरच्या आधी त्या एकट्या स्टिककडे बोट दाखवेन. एक स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, म्हणजे मेमरीची बँडविड्थ अर्धी. रायझनमध्ये याचा त्रास जास्त होतो, कारण आतला इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्याच घड्याळावर चालतो. रॅम हळू तर कोअरच्या दोन गटांमधला संवादही हळू.

पहिली खरेदी : दुसरी ८ जीबी स्टिक. सीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये तुमच्या स्टिकचा पार्ट नंबर दिसेल, तोच मिळाला तर उत्तम. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर बसतात आणि पैसे खर्चून सिंगल चॅनलच राहतं. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू करा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. शेवटी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग आणि "४ पैकी २ स्लॉट" असं दिसतंय ना ते तपासा.

कडेलोट

निळीशाई, विश्लेषण पटलं, क्रम पटला नाही. रोजचा गेम व्हॅलोरंट आहे. २६०० ची एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आणि तीही ८-८ अशी विभागलेली. रायझन ५ ५६०० ची ३२ एमबी, सहाही कोअरना सलग. बोर्ड तोच, कूलर तोच, रॅम तीच. व्हॅलोरंटसारख्या गेमला याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. आधी ५६०० घ्या, कार्ड पुढच्या वर्षी.

निळीशाई

फक्त व्हॅलोरंट असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण ५६०० घेऊन एक स्टिक तशीच ठेवली तर निम्मा फायदा वाया जातो, म्हणून रॅम कुठल्याही मार्गात पहिलीच. आणि सायबरपंकमध्ये ५६०० घातल्यावर ३० चे ३१ होतील, कारण तिथे प्रोसेसर कार्डाची वाट बघत बसलाय. शिवाय १०५० टीआयसमोर आता आणखी एक भिंत आहे. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर पास्कल कार्डांसाठी (१०५० टीआय, १०८० टीआयची पिढी) नव्या गेमचे ड्रायव्हर थांबवले, फक्त सुरक्षेचे अपडेट येत राहतील. इंडियाना जोन्स किंवा डूम : द डार्क एजेससारखे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंग नसेल तर सुरूच होत नाहीत. म्हणून कोणी स्वस्तात जुनं १०८० टीआय देऊ केलं तरी घेऊ नका. ताकद चांगली आहे, पण त्या भिंतीच्या याच बाजूला आहे.

कडेलोट

ड्रायव्हरचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. मग क्रम रॅम, कार्ड, आणि ५६०० नंतर. मान्य.

आठपिनी

थांबा, एसएमपीएसबद्दल कोणीच बोललं नाही. कार्डाची ऑर्डर टाकण्याआधी कॅबिनेटचं झाकण काढा आणि एसएमपीएसच्या बाजूचा स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरातला "४५० वॉट" नाही, +१२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर. ३६ अँपिअर असतील तर ३६ गुणिले १२ म्हणजे ४३२ वॉट, हा खरा ४५० चा एसएमपीएस. २० अँपिअर असतील तर कामाचे २४० वॉटच आहेत, बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेत, ते गेमिंगला उपयोगाचे नाहीत.

दुसरं : त्यातून ६+२ पिनची पीसीआयई वायर, म्हणजे कार्डाला थेट वीज देणारी, निघते का? १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड, बहुतेक मॉडेल स्लॉटमधूनच सगळी वीज घेतात, त्यामुळे आजवर ही वायर लागली नसेल. नवं कार्ड मागणारच. वायर नसेल तर मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनच्या प्लगवरून) ८ पिनचा कन्व्हर्टर अजिबात लावू नका. ८ पिनच्या जोडणीतून १५० वॉट जायची तरतूद असते. बारीक मोलेक्स पिनांवर तेवढा भार टाकला की आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं.

तुमच्या पीसीचा हिशेब : २६०० किंवा ५६०० कागदावर ६५ वॉट, प्रत्यक्षात ८८ पर्यंत जाऊ दिलेला असतो. आरएक्स ६६०० चे १३२. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. २७० झाले. एएमडीची स्वतःची शिफारस ६६०० साठी ४५० वॉट आहे, आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडिया ५५० सांगते. चांगल्या कंपनीचा, पूर्ण वॉरंटीतला ४५० असता तर मी बदला म्हटलं नसतं. पण वॉरंटी संपलेला, पाच वर्षांच्या धुळीचा असेल तर ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ, ५ वर्षांची वॉरंटी असलेला घ्या. कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या बरंच वर जातं, त्या झटक्याला म्हातारा कपॅसिटर टिकत नाही. लक्षण ठरलेलं : गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत पीसी एकदम बंद, निळी स्क्रीन नाही, एरर नाही.

मॉड्युलर (वायरी सुट्या लावायचा) घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि प्लग बसतो म्हणून वायर बरोबर असं होत नाही. त्यात डिस्क आणि बोर्ड दोन्ही जळतात.

घरातलं अर्थिंगही बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनकडून प्लगवर मोजून घ्या : फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत.

घाटमाथा

स्टिकर वाचला. +१२ व्होल्टवर २५ अँपिअर, आणि फक्त एक ६ पिनची वायर आहे. बदलतो.

कार्डासाठी मग साधारण किती धरू? आणि कुठलं?

टीपकागद

वाटणी अशी करा : कार्डाला २० हजारांच्या वर जायचं नाही, एसएमपीएसला साडेचार-पाच, उरलेलं रॅमला. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरांनी उत्पादन उचललंय. त्यामुळे १६ जीबीचा नवा जोड घेण्यापेक्षा तुमच्या स्टिकला जोडीदार शोधणं शहाणपणाचं. वापरलेली रॅम घ्यायला हरकत नाही, फक्त मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चारही पास लावा. एकही एरर आली तर परत.

कार्ड : बी४५० वर स्लॉट पीसीआयई ३.० आहे हे डोक्यात ठेवा. आरएक्स ६६०० आठ लेनचं (बोर्डाशी डेटा नेणाऱ्या आठ वाटांचं) आहे, ३.० वर थोडंसं हरवतं, जाणवण्याइतकं नाही. आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेनचं आणि ४ जीबीचं, ३.० वर मेमरी भरली की कोसळतं, शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही. ते टाळा. आरटीएक्स ३०५० नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात, ८ जीबीचं आणि ६ जीबीचं. ६ जीबीचं ७० वॉटचं आहे आणि बरंच हळू आहे. जाहिरातीत नुसतं "३०५०" लिहिलं असेल तर जीबी विचारा.

इंटेल आर्क बी५८० ची १२ जीबी बघून मोह होईल. ५६०० सोबत विचार करता येईल, २६०० सोबत नको. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो, आणि रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर ते कार्ड अर्धवट चालतं.

माझं मत : नवं आरएक्स ६६०० ८ जीबी. ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंग खरंच करत असाल तरच वापरलेलं आरटीएक्स ३०६० १२ जीबी, कारण कुडा (एनव्हिडिया कार्डावर अशी कामं चालवणारं तंत्र) आणि ती जास्तीची मेमरी तिथे कामाला येते.

रोडकरी

वापरलेलं घेणार असाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जा किंवा घरी मागवा, या गोष्टी समोर करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडा. नाव, शेडर संख्या, मेमरीचा आकार बघा. नावाआधी "फेक" आलं किंवा उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसला तर जुन्या कार्डावर बायोस बदललेला आहे. आरएक्स ५८० च्या बाबतीत २०४८एसपी लिहिलेलं सर्रास मिळतं, ते आतून ५७० आहे.

मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं. तापमानाचे दोन आकडे बघा, जीपीयू आणि हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात गरम भाग). १२-१५ अंशांचा फरक ठीक. ३० च्या जवळ गेला तर पेस्ट सुकलीय किंवा हीटसिंक कधीतरी उघडून नीट बसवलेला नाही. पंखे हाताने फिरवून बघा, डगमगतात का. स्क्रूवरचा स्टिकर फाटलेला आहे का. समुद्राजवळच्या घरातलं कार्ड असेल तर मागच्या ब्रॅकेटवर आणि एचडीएमआय पोर्टच्या कडेला गंज शोधा. ब्रॅकेट गंजलेलं असेल तर आतल्या सोल्डरचं मी काही सांगू शकणार नाही, ते कार्ड सोडून द्या.

नवं घेताना बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, बॉक्सवरचा आणि कार्डावरचा जुळतोय हे काउंटरवरच बघा. जीएसटी बिल नको म्हणून हजारभर कमी करणारे भेटतील. तो हजार म्हणजे तुमची वॉरंटी. पुढे ५६०० घ्याल तेव्हा ट्रे पॅक (खोक्याविना सुटा) आणि बॉक्स पॅकमधला फरक विचारा. बॉक्सला एएमडीची ३ वर्षं आणि कूलर, ट्रेला दुकानदार देईल तेवढीच.

निळीशाई

एसएसडीबद्दल : आत्ता नवी घेऊ नका. सायबरपंकला ७० जीबी लागते. २४० च्या एसएसडीवर विंडोजचा कचरा साफ करून तेवढी जागा निघते. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, तिथे "मूव्ह इन्स्टॉल फोल्डर". पण एसएसडीवर ३० जीबी तरी मोकळी राहू द्या. पुढे एनव्हीएमई (बोर्डाच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान एसएसडी) घ्याल तेव्हा बोर्डाचं मॅन्युअल वाचा, काही बी४५० बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की दोन साटा पोर्ट बंद पडतात, आणि लोक हार्ड डिस्क मेली समजून बसतात.

आठपिनी

कार्ड बसवताना :

स्लॉटपासून पुढच्या पंख्यापर्यंतची लांबी आधी टेपने मोजा आणि कार्डाच्या लांबीशी ताडून बघा. जुना ड्रायव्हर काढायला इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर) चालवा, मग पीसी बंद. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज मधल्या मध्ये स्वतःच ड्रायव्हर घालतं आणि दोन्हींची गल्लत होते. कार्ड स्लॉटमध्ये कट् वाजेपर्यंत दाबा, ब्रॅकेटचा स्क्रू लावा, ६+२ पिन एकत्र धरून घुसवा. प्रोसेसरची ४+४ आणि कार्डाची ६+२ या वायरी दिसायला जुळ्या बहिणी आहेत, व्होल्टची बाजू उलटी आहे. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीची वायर हातात आहे.

मॉनिटरची केबल कार्डात. २६०० आणि ५६०० दोन्हींमध्ये ग्राफिक्स नाही, बोर्डाच्या एचडीएमआयवर काळी स्क्रीनच दिसणार.

घाटमाथा

दुसरी स्टिक मिळाली, त्याच पार्ट नंबरची. तेवढ्यावर व्हॅलोरंट १५० ते १९०, १ टक्का लो ९४. कार्ड आणि एसएमपीएस या आठवड्यात. वर्षभराने ५६०० घालेन तेव्हा काय सांभाळायचं तेही इथेच सांगून ठेवा, म्हणजे धागा पुढच्यांनाही उपयोगी पडेल.

कडेलोट

बायोस २६०० बसलेला असतानाच अपडेट करायचा, हे पहिलं. ५६०० घातल्यावर करू म्हणाल तर जुन्या बायोसवर पीसी उठणारच नाही. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेलं रिव्हिजन वाचा, त्याच रिव्हिजनच्या पानावरची फाइल घ्या. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, ते त्याच पानावर लिहिलेलं असतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. पीसी यूपीएसवर ठेवा, वीज जायच्या वेळा टाळा. अपडेटनंतर एक्सएमपी बंद झालेलं असतं, परत सुरू करा.

प्रोसेसर काढताना लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि सॉकेटची पकड फार घट्ट नसते. जुनी पेस्ट सिमेंटसारखी चिकटते. थंड पीसीवर कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर बंद सॉकेटमधून उपटून कूलरला लटकत येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा. बंद करा, प्लग काढा. चार स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे सैल करा. हे स्क्रू निघाले की मागची लोखंडी पट्टी सुटून पडते, बोर्डामागून हाताने धरा. मग कूलर वर ओढायचा नाही, बाटलीचं झाकण फिरवतो तसा हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवायचा. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं. त्यानंतरच उचला.

पिना वाकल्याच तर ०.७ ची शिसं टाकायची पेन्सिल घ्या, शिसं काढून तिचं टोक पिनेवर सरकवा आणि हळू सरळ करा. पक्कड नको.

घाटमाथा

माझ्या विंडोजला बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) चालू आहे. त्याने काही अडेल का?

टीपकागद

अडेल, आणि हे बहुतेकांना ऐनवेळी कळतं. एफटीपीएमची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. नवा प्रोसेसर घातल्यावर पहिल्याच बूटला काळ्या स्क्रीनवर विचारणा येते : नवा सीपीयू आढळला, एफटीपीएम रिसेट करायचा का, वाय की एन. वाय दाबलं की जुन्या किल्ल्या गेल्या आणि बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. म्हणून बायोस अपडेटच्याही आधी सेटिंगमधून बिटलॉकर पूर्ण बंद करा आणि डिस्क डिक्रिप्ट होऊन संपेपर्यंत थांबा, हार्ड डिस्कला तास-दोन तास लागू शकतात. शिवाय रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, त्याच पीसीतल्या फाइलमध्ये नको. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट तपासतो, तेव्हा बायोस अपडेटनंतर ती दोन्ही सेटिंग परत चालू आहेत ना ते बघूनच गेम उघडा.